उतारावर सुटलेली खुर्ची, दुपारीच संपणारी बॅटरी आणि वॉरंटीचा कागद

वाचकाचं पत्र

आईच्या वापरात बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर आहे. घेऊन चौदा महिने झाले. १२ व्होल्टच्या, ५० ॲम्पियर-तासांच्या दोन सीलबंद बॅटऱ्या आहेत. सुरुवातीला एका चार्जिंगवर दिवस निघायचा, आता दुपारीच लाल दिवा लागतो. बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही, असं आम्हाला सांगितलं गेलं होतं, तसंच करत आलो. महिन्याभरापासून खुर्ची डावीकडे ओढते, मधूनच थांबते आणि जॉयस्टिकवरचे दिवे लुकलुकतात. मागच्या आठवड्यात रॅम्पवर अशीच थांबली. मागचा लीव्हर मोकळा करून ढकलायला गेलो, तर आईसकट खाली सुटली. दोघांनी कशीबशी धरली. विक्रेता म्हणतो, बॅटरीची सहा महिन्यांची वॉरंटी संपली. मोटरची दोन वर्षांची आहे, पण पाणी गेलंय म्हणून लागू नाही. खुर्ची एकदा पावसात भिजली होती, हे खरं. ओळखीचा एक मेकॅनिक मोटर उघडून बघतो आणि लिथियम बॅटरी बसवून देतो म्हणतोय. काय करावं?

उत्तर

तुमच्या पत्रात बॅटरी आधी आहे आणि रॅम्प नंतर. उत्तरात आम्ही क्रम उलटा घेतो. बॅटरी गेली तर खर्च होतो, लीव्हरची चूक झाली तर आई पडतील. एक गोष्ट मात्र आजच करा: मेकॅनिकला थांबवा. मोटर बाहेर उघडली गेली की वॉरंटीबद्दल विक्रेत्याशी बोलायला तुमच्याकडे काही उरत नाही.

आता लीव्हर. या खुर्चीचा ब्रेक हाताने दाबायचा नसतो. प्रत्येक मोटरच्या टोकाला विद्युतचुंबकीय ब्रेक असतो आणि त्याचं काम उलटं चालतं. वीज नसेल तेव्हा स्प्रिंगच्या जोरावर तो घट्ट बसलेला असतो, वीज मिळाली की सुटतो. जॉयस्टिक सोडल्यावर खुर्ची थांबते आणि मागून ‘टक्’ असा आवाज येतो, तो या ब्रेकचा. त्यामुळे बॅटरी संपो, वायर निघो की कुणी बटण बंद करो, खुर्ची जागेवर धरलेली राहते. रॅम्पवर ती थांबली तेव्हाही धरलेलीच होती. लीव्हर मोकळा केल्यावर ती पकड गेली, आणि बहुतेक खुर्च्यांना दुसरी पकड नसते.

ढकलणाऱ्याला जोर किती लागतो, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. खुर्ची ११० किलोची आणि बसणारी व्यक्ती ६५ किलोची धरली, तर १७५ किलो होतात. बारा फूट लांबीत एक फूट चढणाऱ्या, म्हणजे नियमात बसणाऱ्या सौम्य रॅम्पवरही ते वजन सुमारे साडेचौदा किलोच्या जोराने सतत खाली ओढतं. सहा फुटांत एक फूट चढणारा घरगुती रॅम्प असेल, तर हाच जोर २९ किलोच्या आसपास जातो. एकदा सुटलेली खुर्ची सौम्य रॅम्पवरही तीन-चार सेकंदांत चालत्या माणसाला मागे टाकते. नंतर तिला अडवायला जाणाऱ्याचाच पाय चाकाखाली येतो.

पुन्हा उतारावर थांबली तर आई बसलेल्या असताना लीव्हरला हात लावू नका. जॉयस्टिक सोडा, बटण बंद करा, आणि उताराच्या बाजूने चाकांना वीट किंवा लाकडाचा ठोकळा लावा. दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करून बघा. चढावर मोटर आणि नियंत्रक (मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) तापले की नियंत्रक स्वतःच वीज कमी करतो. थंड झाल्यावर खुर्ची बऱ्याचदा चालते. उतरलेल्या बॅटरीतही थोड्या विश्रांतीने जरा जीव येतो. तरीही चालली नाही, तर आधी आईंना दुसऱ्या खुर्चीत हलवा, मगच रिकामी खुर्ची दोघांनी मिळून उतरवा. एरवी लीव्हर सपाट जमिनीसाठी आहे, तिथेही आधी बटण बंद करून. काम झालं की लगेच परत जागेवर आणा आणि खुर्ची हाताने ढकलून बघा. हलली नाही, तर ब्रेक लागलेले आहेत. हे रोज सकाळी आई बसण्यापूर्वी बघायला दहा सेकंदही लागत नाहीत.

रॅम्पबद्दल थोडं आणखी. प्रत्येक खुर्चीसाठी चढाची कमाल मर्यादा अंशांत दिलेली असते. पुस्तिकेत ती शोधा आणि तुमचा रॅम्प मोजा. उंची भागिले लांबी एवढंच गणित आहे: बारात एक म्हणजे सुमारे पावणेपाच अंश, सहात एक म्हणजे साडेनऊ. चढताना आणि उतरताना तोंड सरळ ठेवा; तिरकं जाऊ नका आणि मध्यावर वळू नका. पाठ मागे टेकणारी किंवा सीट कलणारी असेल, तर रॅम्पवर जाण्याआधी ती सरळ करा. पाठीमागे अडकवलेली जड पिशवी चढावर खुर्ची मागे उलटवायला मदत करते, म्हणून ती सीटखाली किंवा मांडीवर घ्या. मागची उलट-रोधक छोटी चाकं अडतात म्हणून कुणी काढून ठेवली असतील, तर आजच बसवा. उतरताना वेगाची सेटिंग सगळ्यात खालची ठेवा, आणि थांबवायचं असेल तर जॉयस्टिक हळू सोडा. चालत्या खुर्चीचं बटण बंद केल्यास ती झटक्याने थांबते आणि बसलेली व्यक्ती पुढे फेकली जाते. तो उपाय आणीबाणीचा, आणि कमरेचा पट्टा लावलेला असेल तरच सोसणारा.

आता डावीकडे ओढणं आणि मधेच थांबणं. ही दोन लक्षणं एकाच बिघाडाची असू शकतात, पण साधी कारणं आधी बाजूला काढा, नाहीतर विक्रेता पहिल्याच वाक्यात ‘हवा भरलीत का?’ म्हणून तुम्हाला परत पाठवेल. डाव्या टायरमध्ये हवा कमी असली की ते चाक दबतं, जास्त रेटा मागतं आणि खुर्ची डावीकडे जाते. किती हवा भरायची ते टायरच्या बाजूवरच छापलेलं असतं, बऱ्याच खुर्च्यांत ३५ ते ५० पीएसआयच्या दरम्यान. गेज लावून दोन्ही टायर सारखे करा. अंगठ्याने दाबून हा फरक कळत नाही. पेट्रोलपंपाच्या मोठ्या कंप्रेसरने भरू नका, छोटी ट्यूब क्षणात फुटते. पायपंप बरा. टायर भरीव असतील, तर ही पायरी सोडा.

मग पुढची छोटी चाकं बघा. खुर्ची एका बाजूने जरा उचलून चाक हाताने फिरवा. केस, दोरे, साडीचे धागे आसाभोवती गुंडाळले जातात आणि बेअरिंगमध्ये शिरतात. ते कात्रीने आणि चिमट्याने काढा. चाक वर-खाली हलवून खडखडलं, तर बेअरिंग गेलं आहे. त्यानंतर घरातल्या सपाट फरशीवर दोन्ही दिशांना चालवून बघा. रस्त्यावरचा अनुभव यासाठी कामाचा नाही, कारण पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला कललेला असतो आणि तिथे चांगली खुर्चीही ओढते. फरशीवर जाताना आणि येताना दोन्ही वेळा डावीकडेच ओढत असेल, तर संशय डाव्या मोटरवर: झिजलेले कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे), पूर्ण न सुटणारा ब्रेक किंवा सैल कनेक्टर. अर्धा तास चालवल्यावर दोन्ही मोटरांजवळ हात न्या, चिकटवू नका. डावीकडची स्पष्ट जास्त तापली असेल, तर ब्रेक घासत असण्याची शक्यता वाढते. कार्बन झिजले असतील, तर खुर्ची कधी चालते, कधी हिसका देते, आणि ढकलून दिल्यावर पुन्हा सुरू होते.

आणि ते लुकलुकणारे दिवे. ते नुसता इशारा देत नाहीत, बिघाडाचं नाव सांगतात, आणि तुमच्या पत्रात नेमका तो आकडाच राहिला आहे. किती दिवे लुकलुकतात ते मोजा, मोबाइलवर छोटा व्हिडिओ घ्या. दहा दिव्यांची पट्टी असलेल्या व्हीआर-२ या बऱ्याच खुर्च्यांत असलेल्या नियंत्रकात एक दिवा म्हणजे बॅटरी उतरलेली. दोन म्हणजे डाव्या मोटरची जोडणी तुटलेली, तीन म्हणजे डाव्या मोटरच्या वायरिंगमध्ये दोष. चार आणि पाच हेच उजवीकडे. सहा म्हणजे चार्जर जोडलेला असल्यामुळे खुर्ची अडवली आहे, सात जॉयस्टिकचा दोष, आठ नियंत्रकाचा, नऊ ब्रेकचा आणि दहा म्हणजे व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त. तुमचा नियंत्रक वेगळा असेल तर अर्थही वेगळे, तेव्हा पुस्तिकेतला तक्ता प्रमाण धरा. पण दोन, तीन किंवा नऊ निघाले, तर डावीकडे ओढण्याला कारण मिळालं आणि वॉरंटीच्या मागणीला पुरावा मिळाला.

दहाचा आकडा कधीकधी चांगल्या खुर्चीतही दिसतो. पूर्ण चार्ज करून लगेच लांब उतार उतरायला लागलं, की उतारावर मोटर जनित्रासारखी वीज मागे पाठवते आणि भरलेल्या बॅटरीत ती मावत नाही. वेग कमी केला की जातो. सपाट जमिनीवरही दिसला, तर बॅटरीची जोडणी सैल असू शकते. आणि सुरू करतानाच दिवे लुकलुकले, तर बटण दाबताना जॉयस्टिकला हात लागला होता का, ते आठवा. काठी मध्यावर नसेल, तर नियंत्रक मुद्दाम खुर्ची चालू देत नाही. बंद करून, हात बाजूला ठेवून, पुन्हा सुरू करा.

पाण्याचं प्रकरण जरा नीट समजून घ्या, कारण विक्रेत्याचं उत्तर त्यावरच उभं आहे. या खुर्च्या पावसाचे शिंतोडे सोसतील एवढ्या बंदिस्त असतात. उभ्या पावसात फिरण्यासाठी किंवा पाइपने धुण्यासाठी त्या बनवलेल्या नसतात. पाणी शिरायची नेहमीची जागा म्हणजे जॉयस्टिकच्या बुडाशी असलेलं घडीचं रबर. त्याला चीर पडली की पाणी आत जातं आणि काठीला हात न लावता खुर्ची सरकायला लागते, जे सगळ्यात धोक्याचं. ते रबर महिन्यातून एकदा ताणून बघा, चीर दिसली की बदला. भाग किरकोळ आहे, पण तो न बदलल्याने पूर्ण जॉयस्टिक जातो. खुर्ची भिजलीच, तर बंद करा, बॅटरीचा मुख्य प्लग काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि हवेशीर खोलीत एक-दोन दिवस ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा रबर आणि प्लास्टिक वाकवते. भिजलेल्या अवस्थेत चार्जर लावू नका.

पण ‘पाणी गेलंय’ असं तोंडी म्हटल्याने मोटरची वॉरंटी संपत नाही. वॉरंटीतला पाण्याचा अपवाद पाण्यामुळे झालेल्या बिघाडापुरता असतो. खुर्ची कधीतरी भिजली होती, म्हणून तिचा प्रत्येक दोष त्यात जात नाही. कार्बन झिजणं किंवा कनेक्टर सैल होणं याचा पावसाशी संबंध असलाच, तर तो दाखवावा लागेल: गंज, हिरवट डाग, गाळ, कुठल्या भागात, फोटोसह. म्हणून विक्रेत्याला पत्र किंवा ईमेल लिहा, फोन करू नका. त्यात खरेदीची तारीख, बिल क्रमांक, खुर्चीच्या चौकटीवरचा आणि मोटरवरचा सिरियल नंबर, दोष पहिल्यांदा कधी दिसला, किती दिवे लुकलुकतात, व्हिडिओ, टायरमधली हवा किती भरली आणि सपाट फरशीवर काय झालं, हे सगळं द्या. भिजल्याची गोष्ट लपवू नका, तारीख आणि नंतर काय केलं तेही लिहा. शेवटी दोनच गोष्टी मागा: अधिकृत तंत्रज्ञाकडून तपासणी, आणि दावा नाकारणार असाल तर कुठल्या भागात काय आढळलं व वॉरंटीतल्या कुठल्या कलमाने नाकारता, हे लेखी. हेच पत्र उत्पादकाच्या सेवा विभागालाही पाठवा. विक्रेता आणि उत्पादक यांची मतं नेहमी सारखी असतात असं नाही.

तंत्रज्ञ येण्याआधी वॉरंटीचा कागद स्वतः वाचा, आणि आधी बारीक अक्षरातला भाग. मुदत प्रत्येक भागाची वेगळी असते. चौकटीची सगळ्यात लांब, मोटर आणि नियंत्रकाची मधली, बॅटरीची सगळ्यात छोटी. टायर, सीटचं कापड, हाताखालची गादी, जॉयस्टिकचं रबर हे झिजणारे भाग साधारणपणे कुठल्याच मुदतीत धरत नाहीत. कार्बन ब्रशवर मात्र वाद होतो. काही उत्पादक त्यांना मोटरचा भाग मानतात, काही झीज मानतात, म्हणून तो शब्द कागदात शोधा. भाग फुकट मिळाला तरी तंत्रज्ञाची मजुरी आणि ने-आण बहुधा तुमच्याकडे असते. तपासणीला बोलावण्याआधीच ते विचारून घ्या. बदललेल्या भागाला नवी दोन वर्षं मिळतील असं धरून चालू नका. बऱ्याचदा जुन्या मुदतीतले उरलेले महिनेच मिळतात, तुमच्या बाबतीत दहा. आणि मुदत मोजायची कुठून, बिलाच्या तारखेपासून की खुर्ची घरी आल्यापासून, हेही पाहून ठेवा. वॉरंटीच्या कागदाबाहेर ग्राहक म्हणून कायद्याने मिळणारे हक्क वेगळे; लेखी नकार हातात असेल, तर तिथेही तो कामी येतो.

बॅटरीच्या बाबतीत मात्र विक्रेता बरोबर आहे, आणि मुदत उरली असती तरी दावा टिकणं अवघड होतं. तुम्हाला मिळालेला सल्ला जुन्या निकेल बॅटऱ्यांचा आहे. सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीसाठी तो घातक ठरतो. ती रिकामी राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक बसतात. लगेच चार्ज केलं तर ते विरघळतात. तासन्‌तास तसेच राहिले तर मोठे आणि कडक होतात, आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. शिवाय रोज ८० टक्के रिकामी होणारी बॅटरी, रोज ४० टक्के वापरल्या जाणाऱ्या बॅटरीच्या साधारण निम्मीच आवर्तनं (रिकामी होऊन पुन्हा भरण्याच्या फेऱ्या) देते. तुमच्या बॅटऱ्या रोज तळापर्यंत गेल्या, तेव्हा चौदा महिन्यांत थकल्या यात नवल नाही.

नियम असा: ज्या दिवशी खुर्ची वापरली, त्या रात्री चार्जिंग, मग वापर अर्धा तास असो की आठ तास. आणि चार्जिंग पूर्ण होऊ द्यायचं. ५० ॲम्पियर-तासांची बॅटरी ८० टक्के रिकामी असेल, तर ४० ॲम्पियर-तास भरायचे असतात. त्यातले ३० भरायला ८ ॲम्पियरच्या चार्जरला पहिल्या टप्प्यात सुमारे पावणेचार तास लागतात. त्यानंतर शेवटचा पाचवा हिस्सा चार्जर मुद्दाम सावकाश भरतो, त्याला आणखी तीन-चार तास. हिरवा दिवा येण्याआधी, ‘पुरे झालं’ म्हणून काढलेला चार्जर रोज थोडं सल्फेट मागे ठेवतो. दिवा हिरवा झाल्यावर सकाळपर्यंत जोडलेला राहिला तर हरकत नाही, चांगला चार्जर तेव्हा फक्त देखभालीपुरता प्रवाह देतो. गाडीच्या बॅटरीचा चार्जर लावू नका. चार्जर गादीवर किंवा पांघरुणाखाली ठेवू नका, त्याला हवा लागते. चार्जिंग होताना खोली बंद आणि धूम्रपान चालू असं नको. सीलबंद बॅटरीही जास्त चार्ज झाली की हायड्रोजन सोडू शकते.

बॅटऱ्या खरंच गेल्या की एकच गेली, हे साध्या मल्टिमीटरने कळतं. पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा, खुर्ची बंद ठेवून तीन-चार तास जाऊ द्या आणि प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. १२.७ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, आणि चार्ज करूनही तेवढीच दाखवत असेल तर निकामी. एक १२.७ आणि दुसरी १२.२ असेल, तर कमकुवत बॅटरी जोडीला खाली खेचते आहे. विश्रांतीत दोन्ही बऱ्या दिसल्या तरी निकाल लागला असं नाही. चढावर चालवताना एखादी १०.५ व्होल्टच्या खाली कोसळली, तर तिची साठवण संपली आहे. मोजताना अंगठी, बांगडी, घड्याळ काढा आणि पाना दोन्ही टोकांना एकाच वेळी लागू देऊ नका. या बॅटऱ्या छोट्या दिसल्या तरी शॉर्ट झाल्यावर पाना लाल होईपर्यंत प्रवाह देतात.

बदलायच्या तर दोन्ही एकदम: एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या आणि जवळच्या तारखेच्या. एक नवी आणि एक जुनी बसवली, तर नवीचं आयुष्य जुनी खाते. पेटीत मावते म्हणून गाडीची बॅटरी घेऊ नका. ती इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी असते, खोलवर रिकामी होणं तिला सोसत नाही. सीलबंद शिसे-आम्ल बॅटरीचे जेल आणि एजीएम असे दोन प्रकार असतात; आधीची जेल असेल आणि नवी एजीएम घेतली, तर चार्जरवर प्रकाराचा खटका आहे का ते बघा, दोघींचं चार्जिंग व्होल्टेज वेगळं असतं. नव्या जोडीला पूर्ण क्षमतेला यायला पहिली काही चार्जिंग लागतात. तोवर लांब जाऊ नका. मोबाइल चार्ज करण्यासाठी किंवा दिवा लावण्यासाठी दोनपैकी एकाच बॅटरीतून १२ व्होल्टची वायर कुणी काढली असेल, तर ती आधी काढा. एक बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते आणि जोडी बिघडते. वॉरंटीच्या दृष्टीने तो अनधिकृत बदल आहे, तो वेगळाच भाग.

लिथियमबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: या खुर्चीत ती बसवू नका. लिथियम वाईट आहे म्हणून नव्हे, तिच्यासाठी बांधलेल्या खुर्चीत ती उत्तम चालते. पण तुमच्या खुर्चीत दोन शिसे-आम्ल बॅटऱ्यांचं मिळून ३० किलोंहून जास्त वजन अगदी खाली बसलेलं आहे आणि खुर्चीचा तोल त्यावर ठरवलेला आहे. ते निम्म्याहून कमी झालं, तर चढावर खुर्ची कशी वागेल हे कुणी तपासलेलं नाही. दुसरं, उतारावर मोटर जी वीज मागे पाठवते ती भरलेल्या लिथियम बॅटरीचं संरक्षक सर्किट नाकारू शकतं. त्याने जोडणी तोडली की खुर्चीची वीज जाते, स्प्रिंगचे ब्रेक एकदम बसतात आणि उतारावर, चालत्या वेगात, आई पुढे फेकल्या जातील. तिसरं, चार्ज दाखवणारी दिव्यांची पट्टी शिसे-आम्लच्या व्होल्टेजवर बेतलेली असते. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं, म्हणून पट्टी बराच वेळ हिरवी दिसते आणि मग खुर्ची अचानक थांबते. जुना चार्जरही चालेलच असं नाही. उत्पादकाने त्याच मॉडेलसाठी लिथियमचा संच मंजूर केला असेल, तर त्यांच्याकडूनच, त्यांच्या चार्जरसह घ्या.

मेकॅनिकचा उपयोग नाही असं नाही. पंक्चर, टायर, पुढच्या चाकांचं बेअरिंग, सैल नट, फाटलेलं कापड ही कामं त्याला देता येतील, आधी वॉरंटीचा कागद अधिकृत सेवेबद्दल काय म्हणतो ते बघून. टायर बदलताना एक सांगा: बऱ्याच खुर्च्यांची रिम दोन भागांची असते आणि ते भाग बोल्टने जोडलेले असतात. हवा पूर्ण सोडल्याशिवाय ते बोल्ट सैल केले, तर रिम हातात उडते. मोटर, गिअरबॉक्स, नियंत्रक आणि जॉयस्टिक मात्र त्याने उघडायचे नाहीत.

रोजची निगा फार नाही. रोज ब्रेकची परीक्षा आणि कमरेच्या पट्ट्याचं बक्कल. आठवड्याला टायरची हवा, पुढच्या चाकांतले केस, हाताखालचे आणि पायाखालचे नट. महिन्याला बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी दिसते का ते बघायचं. दिसली तर मुख्य प्लग काढून कोरड्या ब्रशने साफ करून, टोक घट्ट करून, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यायचा. वायरी कुठे घासत नाहीत ना, विशेषतः सीट कलते तिथे, तेही बघा. पुसायला ओलसर फडकं पुरतं. कनेक्टर आणि जॉयस्टिकवर तेलाचा स्प्रे मारू नका, त्यावर धूळ चिकटते आणि काही प्लास्टिक त्याने तडकतं. वर्षातून एकदा अधिकृत सर्व्हिस करून तिची पावती बिलासोबत ठेवा. वहीत चार्जिंगची आणि दुरुस्तीची तारीख लिहीत गेलात, तर पुढचा वॉरंटीचा वाद बराच लवकर मिटेल.

आई काही आठवडे खुर्ची वापरणार नसतील, तर ती पूर्ण चार्ज करा, बॅटरीचा मुख्य प्लग काढा, आणि महिन्यातून एकदा प्लग जोडून रात्रभर चार्जिंग द्या. प्लग तसाच राहिला तर नियंत्रक बंद असतानाही थोडी वीज पितो, आणि नवी जोडीही मग आधीच्या जोडीच्याच वाटेने जाते.